पिशवी आणि फाइल

लेकीचं डोहाळजेवण आमच्या आत्याच्या घरी, चिपळूणजवळ, करायचं ठरलं होतं. सातवा महिना लागला होता. आदल्या दिवशी दुपारी लेक मुंबईहून आली, हातपाय धुऊन टेकली आणि बॅगेतली एक कापडी पिशवी तिनं आत्यासमोर ठेवली. "आजी, ज्यानं त्यानं काही ना काही दिलंय. यातलं काय घेऊ नि काय नको, ते तूच सांग."

आत्यानं आयुर्वेदाची पदवी घेऊन चाळीस वर्षं तालुक्याच्या गावी दवाखाना चालवला. माझी धाकटी बहीण पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ती त्याच्या आदल्या रात्रीच आली होती. आत्यानं पिशवी सतरंजीवर रिकामी केली. सुंठीची पूड, शतावरी कल्पाचा डबा, ज्येष्ठमधाच्या काड्या, एरंडेलाची बाटली, अळिवाची पुडी, गर्भपाल रसाच्या गोळ्यांची छोटी डबी आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, नाव-गाव नसलेली आणखी एक पुडी.

दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत त्या दोघी बोलत होत्या. अशी पिशवी आपल्याकडे पोटुशी बाई असलेल्या बहुतेक घरांत असते, म्हणून ते बोलणं आठवेल तसं इथं देते आहे.

धाकटी : आत्या, माझं ऐकशील तर ही पिशवी बांधून माळ्यावर टाक. पोरीला लोह चालू आहे, कॅल्शियम चालू आहे, सोनोग्राफ्या वेळेवर झाल्यात. यात काय आहे, किती आहे, कुणी बनवलंय, कशाचाच पत्ता नाही. गरोदर बाईच्या बाबतीत 'घेऊन तर बघू' असं मी म्हणू शकत नाही.

आत्या : माळ्यावर टाकायला ही अडगळ आहे का? सुंठही टाकशील? दुसऱ्या महिन्यात पोरीला अन्नाचा वास सोसत नव्हता, तेव्हा आलं चघळायला तूच सांगितलंस ना?

धाकटी : सांगितलं, कारण आल्याचा अभ्यास झालाय. गरोदरपणातल्या मळमळीवर बऱ्याच चाचण्या झाल्या. मळमळ कमी होते असं त्यांत दिसलं. उलट्यांवर तितका उपयोग दिसला नाही. दिवसाला ग्रॅमभर सुंठीपर्यंत बाळाला अपाय झाल्याचं आढळलेलं नाही. एवढं माहीत होतं म्हणून सांगितलं.

आत्या : म्हणजे परदेशात मोजलं की ते औषध, आणि माझ्या आजीनं दिलं ती नुसती समजूत.

धाकटी : कुठंही मोजा. चिपळुणात मोजा. पण मोजा.

आत्या : मग मोजूनमापून कारखान्यात बनवलेल्याचंच बोलू. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं. निर्धोक म्हणून त्याची जाहिरात होती, आणि गरोदर बायकांना ते मळमळीवरच देत होते. १९६१ च्या अखेरीला ते मागं घेतलं. जगभरात हातपाय खुंटलेली दहा हजारांवर मुलं त्या गोळीपायी जन्माला आली. ती गोळी काही माझ्या खलातून निघालेली नव्हती.

धाकटी : नव्हती. ती आमच्या शास्त्राची जखम आहे आणि आम्ही ती विसरत नाही. पण दोष त्या गोळीचा आहे हे कळलं कसं, ते सांगू? हॅम्बुर्गमध्ये विडुकिंड लेन्झ नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी अशा मुलांच्या आयांना गाठून एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारली, दिवस राहिल्यावर तुम्ही काय काय घेतलं होतं? त्या उत्तरांतून ते नाव पुढं आलं. त्या बायका सांगू शकल्या म्हणून ती गोळी थांबली. या कागदातल्या पुडीनं उद्या काही झालं, तर आपण कशावर बोट ठेवायचं?

आत्या काही बोलली नाही. तिनं शतावरी कल्पाचा डबा पुढं ओढला.

आत्या : हे तरी ठेवशील? चरकसंहितेत गर्भिणीला काठोकाठ तेलानं भरलेल्या भांड्याची उपमा दिली आहे. ते हिंदकळू द्यायचं नसतं. म्हणून तिचं औषधही मृदू, मधुर, शीत असावं, तीक्ष्ण काही देऊ नये. महिन्यामहिन्याचा आहार सांगितलाय, त्यात दूध, लोणी, तूप आहे. आमच्या शास्त्रातलं गर्भिणीचं प्रकरण मुख्यतः सांभाळण्याचं आहे, औषधांच्या भडिमाराचं नाही. शतावरी त्याच जातीची.

धाकटी : सांभाळण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण हा डबा जरा उलटा कर. घटकांत सगळ्यात जास्त काय आहे?

आत्या : साखर.

धाकटी : पोरीची साखरेची तपासणी झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी आकडा आला १३८. तो १४० झाला असता तर गरोदरपणातला मधुमेह म्हणून उपचार सुरू करावे लागले असते. आणि हे दुधातून दोन-दोन चमचे, दोन वेळा!

आत्या : मग साखर नको, हे मान्य. साधं चूर्ण दुधातून देते.

धाकटी : गरोदर बायकांवर शतावरीचे म्हणावे तसे अभ्यास झालेले नाहीत. मी 'घे' म्हणणार नाही.

आत्या : झालेले नाहीत, कारण करणार कोण? आणि तुझ्या कपाटातल्या किती औषधांच्या चाचण्या गरोदर बायकांवर झाल्या?

धाकटी : फार थोड्यांच्या. गरोदर बाईला चाचणीतून बहुधा वगळतातच. औषध बाजारात आल्यावर कुणी घेतलं, त्यांची बाळं कशी निपजली, याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवतात आणि त्यांवरून ठरवतात.

आत्या : म्हणजे अडलं ते नोंदींपाशी.

शतावरीवर त्यांचं एकमत झालं नाही, शेवटपर्यंत झालं नाही. पण सगळं नोंदींपाशी अडलंय, हे त्या दुपारी पहिल्यांदा तिथं बोललं गेलं, आणि ते आत्याच्या तोंडून आलं.

ज्येष्ठमधाची काडी लेक खोकल्यासाठी अधूनमधून चघळत होती. धाकटीनं ती हातात घेतली.

धाकटी : फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या लोक आवडीनं खातात. त्यातलं ग्लिसिरायझिन वारेतल्या एका एन्झाइमचं काम अडवतं. आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, ताण आला की वाढतं ते, बाळापर्यंत फार पोचू नये म्हणून ते एन्झाइम तिथं राखणीला असतं. हेलसिंकीच्या संशोधकांनी २०१७ साली लिहिलं, की ज्या आयांनी गरोदरपणी ज्येष्ठमध भरपूर खाल्लं होतं, त्यांची मुलं बारा-तेरा वर्षांची झाल्यावर बुद्धिमापन चाचण्यांत मागं पडलेली दिसली. तिथलं सरकार आता गरोदर बायकांना ते टाळायला सांगतं.

आत्या : भरपूर म्हणजे किती?

धाकटी : आठवड्याला पाव किलोच्या आसपास गोळ्या.

आत्या : अगं, एवढं ज्येष्ठमध मी एका घराला वर्षात दिलं नसेल. खोकल्याला दोन दिवस काडी चघळणं आणि पाव किलो गोळ्या, हे एका तागडीत घालशील?

धाकटी : नाही घालणार. मात्रा बघायलाच हवी. पण रोजच्या काढ्यात, चूर्णात, सरबतात ते मिसळलेलं असतं आणि एकूण किती पोटात गेलं ते कुणाला कळत नाही. त्यानं रक्तदाबही चढतो.

आत्या : पायावर सूज असलेल्या गर्भिणीला मी ज्येष्ठमध देत नव्हते. का, ते तुझ्या भाषेत मला सांगता आलं नसतं. पण देत नव्हते.

पुढं एरंडेल. कुणीतरी बाटलीला चिठ्ठी चिकटवली होती, 'नवव्या महिन्यात, दुधातून.'

आत्या : सुइणी देत असत. आणि कळा येतातही. नाकारशील?

धाकटी : कशाला नाकारू? २०१२ साली संशोधकांनी त्याचं कारण शोधलं. एरंडेलातलं रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या स्नायूंत ज्या ठिकाणी जाऊन चिकटतं, तसंच ठिकाण गर्भाशयाच्या स्नायूंतही असतं. म्हणून जुलाब होतात आणि कळाही येतात.

आत्या : म्हणजे सुईण खोटं बोलत नव्हती.

धाकटी : अजिबात नाही, आणि माझी भीती तीच आहे. ज्याच्यात गुण आहे त्याला मात्रा लागते, वेळ लागते, आणि ती चुकली तर भोगावं लागतं. आधी सिझेरियन झालेल्या बाईनं घरी बसून एरंडेल घेतलं, कळा जोरात आल्या आणि जुना व्रण उकलला, तर घरून दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळत नाही.

मला वाटतं, आपल्याकडच्या गोंधळाचं मूळ इथं आहे. झाडपाल्यानं अपाय होत नाही असं एक पक्ष म्हणतो, झाडपाल्यानं काही होतच नाही असं दुसरा म्हणतो. एरंडेलाची बाटली दोघांनाही खोटं पाडते. ज्यानं कळ येते ते औषध आहे आणि ते औषधासारखंच वागवलं पाहिजे.

अळिवाची पुडी आत्यानं न विचारता बाजूला काढली. "हे बाळंत झाल्यावर. खीर कर, लाडू कर. आत्ता नाही." धाकटीनं मान डोलावली.

आत्या : आता मला एक विचारू दे. तू लोहाची गोळी लिहून देतेस. ती बाई खाते का?

धाकटी : सगळ्या खात नाहीत, माहीत आहे मला. सरकार गरोदरपणात १८० गोळ्या देतं आणि तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं.

आत्या : का खात नाहीत, ते विचारलंस कधी? शौचाला काळी होते, त्याची भीती वाटते. खडा धरतो. मळमळतं. तुझ्यापुढं रांग असते, तुला विचारायला वेळ नसतो. माझ्याकडं ती अर्धा तास बसते. मी तिला सांगते, काळी झाली तर घाबरू नकोस. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, चहा तास-दोन तास लांब ठेव. रात्री मनुका भिजत घाल. आणि मग ती खाते. तुझीच गोळी खाते.

धाकटी : हे मला आधी सांगायला हवं होतंस.

आत्या : तू आधी विचारायला हवं होतंस.

कागदातली पुडी उघडली तेव्हा आत खडबडीत बिया आणि करडी पूड निघाली. लेक खाली बघत म्हणाली, "मुलगा होण्यासाठी. गोऱ्हा असलेल्या गाईच्या दुधातून घ्यायची म्हणे. मी घेतली नाही."

आत्या : बरं केलंस. पुंसवनाचं प्रकरण आमच्या ग्रंथांत आहे, मी ते झाकणार नाही. पण ते मी कधी केलं नाही आणि त्याची बाजूही घेणार नाही.

धाकटी : मुलगा की मुलगी, हे बीज जुळतं त्याच क्षणी ठरतं. नंतर जगातलं कुठलंही औषध ते बदलत नाही. हरियाणात अशा पुड्यांचा अभ्यास झाला. त्या घेतलेल्या आयांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचं प्रमाण जास्त दिसलं. गर्भलिंग तपासणीवर महाराष्ट्रानं देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, कायदा केला. यंत्राला आळा बसला, पुडी मात्र घराघरांतून फिरतेच आहे.

ती पुडी आत्यानं स्वतः उठून चुलीत टाकली. त्या एका गोष्टीवर दोघींना वाद घालावासाही वाटला नाही.

उरली छोटी डबी. आत्यानं ती उचलली, चष्मा वर केला आणि पुन्हा खाली आणला.

"हिचं सील फुटलंय."

लेक थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अकरा गोळ्या घेतल्या. ओळखीतल्या एका बाईंनी आणून दिल्या. त्यांच्या सुनेचे दोन गर्भ पडले होते, या गोळ्यांनी तिसरा टिकला म्हणाल्या. आयुर्वेदिक आहे, अपाय नाही, म्हणाल्या."

धाकटी : तुझ्या डॉक्टरांना सांगितलंस?

"नाही. माझ्या आधी एक बाई तपासायला गेल्या होत्या, त्यांनी काढा घेतल्याचं सांगितलं. डॉक्टर एवढे ओरडले की बाहेर ऐकू आलं. मग मी नाही सांगितलं."

धाकटीनं डबीवरचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचलं. नाग भस्म. वंग भस्म. हिंगूळ. खाली इंग्रजी-हिंदीत, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे. लेकीनं विचारलं, "नाग म्हणजे काय गं आजी?"

आत्या : शिसं. वंग म्हणजे कथील. हिंगुळात पारा असतो.

लेकीचा हात आपोआप पोटावर गेला.

धाकटी : २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. सहाही जणी भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. शिसं अंगात गेलं की शरीर त्याला कॅल्शियमसारखं वागवतं, हाडांत साठवतं. गरोदरपणी बाळासाठी हाडांतून कॅल्शियम सुटतं, त्याच्याबरोबर शिसंही सुटतं आणि वार ओलांडतं. बाळाच्या मेंदूला एवढं चालेल, अशी शिशाची कुठलीही पातळी आजवर सापडलेली नाही.

आत्या : शोधन, मारण, पुटं नीट दिली तर भस्म निर्दोष होतं, असं आम्हाला शिकवलं. बोटाच्या रेषांत बसलं पाहिजे, पाण्यावर तरंगलं पाहिजे, अशा परीक्षा आहेत.

धाकटी : त्या परीक्षा भस्म किती बारीक झालं ते सांगतात, आत्या. शिसं कितीही वेळा जाळलं तरी ते शिसंच राहतं.

आत्या बराच वेळ ती डबी हातात फिरवत होती. पुढचं ती हळू आवाजात बोलली.

आत्या : मी हा रस दिलाय. पहिली दहा वर्षं दिला, माझे गुरुजी देत होते म्हणून. मग एक बाई आली. पाचवा महिना. पोटात मुरडा येई, शौचाला होत नसे, काही केल्या रक्त भरेना. तीन महिने तो रस चालू होता, आणि तो मीच दिला होता. मला शंका आली. गावात रक्तातलं शिसं मोजायची सोय नव्हती. मी रस बंद केला आणि ती सुधारली. त्यानंतर मी तो कुणालाच दिला नाही. पण का थांबवला, ते कुठं लिहिलं नाही, कुणा वैद्याला सांगितलंही नाही. गुरुजींचा अवमान होईल असं वाटलं. मी लिहिलं असतं तर ही डबी कदाचित या पिशवीत आली नसती.

धाकटी : तू एकटी नाहीस. मीसुद्धा वर्षानुवर्षं विचारत आले, 'बाकी काही औषधं?' बाई 'नाही' म्हणायची आणि मी पुढं जायचे. काढ्याला, चूर्णाला, आजीच्या पुडीला ती औषध म्हणतच नाही, मग 'हो' कशी म्हणेल? हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आता मी विचारते, घरचं काय काय चालू आहे? काढा, चूर्ण, गोळी, भस्म, लेप? आणि काहीही ऐकलं तरी कपाळाला आठी घालायची नाही, हे मी स्वतःला बजावलंय. एकदा आठी दिसली की पुढचे सहा महिने ती बाई तोंड उघडत नाही.

मला आनंदीबाई जोशी आठवल्या. चौदाव्या वर्षी त्यांचं दहा दिवसांचं बाळ गेलं आणि त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला फिलाडेल्फियाला गेल्या. १८८६ साली पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. पाश्चात्त्य वैद्यक शिकायला गेलेल्या बाईनं परीक्षकांपुढं घरचं शास्त्र ठेवलं, तेही लिहून, तपासायला मोकळं ठेवून. त्याला आता १४० वर्षं होत आली. आपल्या घरांत अजून पिशवी एका खोलीत आणि फाइल दुसऱ्या खोलीत असते, आणि मधल्या उंबऱ्यावर सात महिन्यांची गरोदर पोर गप्प बसलेली असते.

दिवेलागणीला लेकीनं आपली तपासणीची फाइल आणली. रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, सोनोग्राफीचे कागद, सगळं होतं. घरच्या औषधांसाठी एक रकाना नव्हता. धाकटीनं मागचं कोरं पान उघडलं आणि पेन आत्याच्या हातात दिलं.

आत्यानं लिहिलं. सुंठ, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, मळमळीसाठी. ज्येष्ठमध, खोकल्याला, अधूनमधून, आता बंद. शतावरी कल्प, दोन महिने, बंद. गर्भपाल रस, अकरा गोळ्या. एवढं लिहून ती थांबली आणि पुढं कंसात घातलं, 'यात शिसे व पारा आहे.' चाळीस वर्षांच्या सवयीनं तिनं खाली सहीही केली. त्याच्याखाली धाकटीनं लिहिलं, 'रक्तातील शिसे व पारा तपासावा', आणि सही केली. शतावरी चूर्णापुढं दोघींनी मिळून प्रश्नचिन्ह ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण झालं. लेकीला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले, ओटी भरली. पिशवीतली सुंठ तेवढी स्वयंपाकघरात गेली.

दहा-बारा दिवसांनी अहवाल आले. दोन्ही आकडे काळजी करण्याजोगे नव्हते. लेक तो कागद आणि फाइलीतलं ते पान घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे वरचं अक्षर कुणाचं?"

"माझ्या आजीचं. त्या वैद्य आहेत."

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी आजीचा फोन नंबर मागून घेतला आणि त्याच पानावर, दोघींच्या सह्यांखाली, तो लिहून ठेवला.